दुसरा गोन्सालो

ब्राझीलला जाताना सुकेळी, म्हणजे आमच्याकडची सुकवलेली केळी, न्यायची की नाही यावर आमच्या घरी दोन दिवस वाद चालला. बायको म्हणत होती, विमानतळावर काढून घेतील आणि वर दंड भरावा लागेल. माझं म्हणणं, वसईचा माणूस एवढ्या लांब जाणार आणि हात हलवत जाणार? शेवटी चार पुडकी कपड्यांच्या खाली गेली. अदिस अबाबा, साओ पाउलो करत रेसिफेला उतरलो तर बाहेर जूनमधला पाऊस धो धो कोसळत होता. क्षणभर वाटलं, विमान फिरून परत मुंबईलाच आलं की काय. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात सिस्टरने मोठ्या कौतुकाने पहिलं पुडकं सोडलं. स्वयंपाकाच्या बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "आ, बनाना-पासा!" म्हणजे हे तर आमच्याकडेही असतं.

मी जरा हिरमुसलोच.

सिस्टर आमच्या शेजारच्या गावची. आठवीत तिला मराठी शिकवायला मी होतो, आणि रविवारी चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला पुन्हा मीच. गेली चौदा वर्षं ती ब्राझीलच्या ईशान्य भागात, पर्नाम्बुको राज्यात असते. मी निवृत्त झाल्याचं कळलं तसा तिचा निरोप आला: "सर, इथल्या वस्त्यांमध्ये बायबलवर बोलायला माणसं हवी असतात. तुम्ही फक्त हो म्हणा." मी धर्मगुरू नाही. पस्तीस वर्षं शाळेत आणि देवळात शिकवत आलेला प्रापंचिक माणूस. (आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो, बाहेरच्यांना नवल वाटतं, आम्हाला नाही.) येशूच्या दाखल्यांवर बारा पाठ तयार केले, टिपणं काढली, वहीला कव्हर घातलं. शिकवायला निघालेला मास्तर जे जे करतो ते सगळं केलं.

पोर्तुगीज मला येत नव्हती असं म्हणणं पूर्ण खरं नाही. १५३४ ते १७३९, दोनशे पाच वर्षं वसईवर पोर्तुगीजांचं राज्य होतं. ते गेले, पण त्यांचं सामान आपल्या घरात राहिलं. चावी, साबण, बादली, घमेलं, पगार, लिलाव, पाव, कोबी. बटाटा तिथंही बटाटाच, फक्त रताळं मागायचं तर 'बटाटा डोसी' म्हणायचं. आपण मराठीत नाताळ म्हणतो तो त्यांचा 'नाताल'. काजूची गंमत तर अशी की तो शब्द मुळात तिथल्या तुपी आदिवासींचा आणि झाडही त्यांच्याच किनाऱ्यावरचं. उलट फणस आपल्याकडून तिकडे गेला आणि असा माजला की रिओ शहरातल्या तिजुकाच्या जंगलात आता तो उपद्रवी झाड म्हणून मोजला जातो. पहिल्या आठवड्यात मी नामांवर निभावून नेलं. क्रियापदं सिस्टर पुरवायची.

तिथल्या लोकांना भारत ठाऊक होता तो एका टीव्ही मालिकेतून. २००९ साली ती तिकडे घरोघरी पाहिली गेली आणि तिच्यामुळे 'आरे बाबा!' हा उद्गार ब्राझीलभर पसरला. मी कुठल्याही वस्तीत पाऊल टाकलं की मागच्या बाकावरून एखादा पोरगा हळूच 'आरे बाबा' म्हणायचा आणि सगळे हसायचे. मग प्रश्न: गंगेत अंघोळ करता का, गाय घरात झोपते का. मी ख्रिस्ती आहे म्हटलं की विचारायचे, कधीपासून? चारशे-साडेचारशे वर्षं, म्हटलं की शांतता. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालचं आरमार १५०० साली भारताकडे निघालं होतं आणि वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं, हे त्यांच्या शाळेत शिकवतात. पण भारतात पोचून त्या लोकांनी पुढे काय काय केलं, ते त्यांना कोणी सांगितलेलं नसावं.

सिस्टरच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, तेहतीस वस्त्या आणि धर्मगुरू दोन. मुख्य चर्च तालुक्याच्या गावात. बाकी वस्त्यांमध्ये पत्र्याची किंवा कौलांची लहान लहान कापेलं, म्हणजे छोटी प्रार्थनामंदिरं. फादर महिन्यातून एकदा येणार. उरलेल्या रविवारी मिस्सा (धर्मगुरूंनीच करायची मुख्य उपासना) नाही, 'शब्दाची उपासना'. ती चालवतात गावातल्या बाया. कोणी शाळेत शिपाई, कोणी दुकान चालवते, कोणी नुसतीच आजी. वाचन त्यांचं, प्रवचन त्यांचं, आजाऱ्याच्या घरी ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) नेऊन देणं त्यांचं, पावसात पत्रा उडाला तर वर्गणी गोळा करणं त्यांचं. आमच्याकडे वसईत रविवारी एकाच देवळात तीन-चार मिस्सा असतात आणि तरी आम्ही विचारतो, आज प्रवचन कोणाचं, लांबवणारे फादर तर नाहीत ना? पाहुणा म्हणून मी गेलो की त्या बाया मला पुढे बसवायच्या, 'प्रोफेसोर' म्हणायच्या आणि स्वतःचं काम चालू ठेवायच्या.

रेसिफेपासून आत जो उसाचा पट्टा लागतो त्याला 'झोना दा माता' म्हणतात. आपल्या कानाला वाटतं आईचं नाव. अर्थ आहे जंगलपट्टा. जंगल साखरेने केव्हाच खाल्लं, आता टेकड्यांवर टेकड्या नुसता ऊस. तिथल्या एका वस्तीत माझा पहिला पाठ होता. जुलैची संध्याकाळ, पाऊस, वीज गेलेली. खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे जमिनीवर एक कापड, त्यावर बायबल, मेणबत्ती आणि कोणीतरी आणून ठेवलेलं उसाचं कांडं. मला फळा हवा होता. सिस्टर म्हणाली, "सर, इथं फळा नसतो. बसा."

मी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घेतला. मालक पहाटे मजूर लावतो, मग पुन्हा पुन्हा चौकात जाऊन आणखी लावतो, अगदी दिवस मावळायला तास उरला असतानाही. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार. पहाटेचे कुरकुरतात. हा दाखला मी वसईत निदान वीस वेळा शिकवला असेल: परमेश्वराची कृपा हिशेबात बसत नाही, उशिरा आलेल्यालाही स्वर्गराज्य मिळतं. तेच सांगितलं. सिस्टर भाषांतर करत होती, माणसं ऐकत होती. मग पलीकडे बसलेली एक बाई, साठीची असेल, हातांना जुने वळ, तिने विचारलं, "प्रोफेसोर, मालक स्वतः किती वेळा चौकात गेला?"

मी बोटांवर मोजलं. पहाटे, तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या, अकराव्या. "पाच वेळा."

"स्वतः?"

"स्वतः."

"गातुला पाठवलं नाही?"

सगळे हसले. गातु म्हणजे बोका. मजूर गोळा करून नेणाऱ्या दलालाला तिथं हेच नाव आहे. आपला मुकादम. तिकडे ऊसतोडीचा हंगाम साधारण सप्टेंबरात सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. मधले महिने माणसं बसून असतात. मजुरी तोडलेल्या मालावर, आणि माल मोजणारा कारखान्याचा. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, ते गातु ठरवतो. म्हातारा, बाई, आदल्या वर्षी तोंड वर करून बोललेला, हे शेवटपर्यंत चौकात उभे राहतात. त्या बाईचं म्हणणं एवढंच होतं: अकराव्या तासाला जे उरले होते ते आळशी नव्हते, त्यांना कोणी घेतलं नव्हतं, आणि मालकाला हे कळलं ते तो स्वतः पाच वेळा चौकात गेला म्हणून. मग एकाने दिनार म्हणजे किती, असं विचारलं. दिवसाची मजुरी, मी म्हटलं. "म्हणजे दिवसाचं जेवण," तो म्हणाला. "पोरं तर सगळ्यांची सारखीच जेवतात." त्यावर चर्चा तासभर चालली. मी टिपणं बंद केली होती.

आपल्याकडे बीडहून कोयते निघतात, उचल घेतात, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, हे मी वर्तमानपत्रात वाचत आलो. पण द्राक्षमळ्याचा दाखला शिकवताना एकदाही मला तो चौक दिसला नाही. आमच्या वाडीत केळी, पानवेली, फुलं. मजूर लावणारे आम्ही. मी तो दाखला कायम मालकाच्या अंगणातून वाचत होतो, हे समजायला दहा हजारांहून जास्त किलोमीटर जावं लागलं, तेही वयाच्या साठीनंतर.

असं गोल बसून वाचण्याला तिथं परंपरा आहे. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरी रेसिफेचेच, जन्म १९२१. उत्तरेकडच्या रिओ ग्रांदे दो नोर्ते राज्यातल्या आंजिकोस गावी १९६३ मध्ये त्यांच्या गटाने तीनेकशे मजुरांना चाळीस तासांत लिहायला-वाचायला शिकवलं, ते मजुरांच्या रोजच्या शब्दांपासून सुरुवात करून. पुढच्या वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेइरींना आधी तुरुंग, मग परदेश. चर्चमध्ये तोच धागा कार्लोस मेस्तेर्स या हॉलंडमध्ये जन्मलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंनी धरला. १९७९ मध्ये निघालेल्या त्यांच्या बायबल-केंद्राने गोरगरिबांच्या वस्त्यांतून बायबल वाचायची ही रीत देशभर नेली. सप्टेंबर तर तिथं बायबलचाच महिना. हे सगळं मी जाण्याआधी वाचायला हवं होतं. मी वहीला कव्हर घालत बसलो.

बारा पाठांपैकी पुढे तीनच वापरले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण इथल्या लोकांना ब्राझील म्हणजे सगळे कॅथलिक असं वाटतं. १९७० मध्ये दहातले नऊहून अधिक होते. २०२२ च्या जनगणनेत कॅथलिक ५६.७ टक्के आणि इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट पंथांचे, २६.९. वस्तीत एक कापेल असेल तर त्याच रस्त्यावर चार-पाच प्रार्थनाघरं, त्यातलं मोठं बहुधा 'असेंब्लिया दे देउस'चं. हा पंथ १९११ साली बेलेम शहरात दोन स्वीडिश तरुणांनी सुरू केला. आमच्या एका कोऑर्डिनेटर बाईंचा मुलगा त्यात डीकन, म्हणजे पास्टरांचा मदतनीस. आई शनिवारी कापेल झाडणार, मुलगा रविवारी कोट-टाय घालून तिकडे जाणार, जेवायला दोघं एका टेबलावर. त्याने मला बोलावलं. सिस्टर म्हणाली, जाऊ या. ती तिच्या झग्यातच आली; कोणी काही बोललं नाही, एकाने उठून खुर्ची दिली.

"आ पाज दो सेन्योर," प्रभूची शांती, असं म्हणून दारातच हात घट्ट दाबतात. मग ढोल, गिटार, रडणं, हात वर, एकाच वेळी सगळ्यांच्या मोठमोठ्याने प्रार्थना. मला संकोच वाटत होता. पाहुण्यांनी उभं राहायचं असतं. उभा राहिलो तर पाच मिनिटं बोला म्हणाले. काय बोलू? सुचली ती पंडिता रमाबाई. म्हटलं, आमच्या महाराष्ट्रात पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन आहे. तिथं १९०५ मध्ये निराधार बायका-मुलींमध्ये असंच रडणं, असंच पेटणं झालं होतं. तिथल्या मिनी अब्रॅम्स नावाच्या अमेरिकन मिशनरीने ती हकिकत एका पुस्तिकेत लिहिली आणि चिलीतल्या वाल्परायसोला आपल्या जुन्या मैत्रिणीला पाठवली. १९०९ मध्ये तिथल्या मेथडिस्टांत जी चळवळ उठली तिला त्या पुस्तिकेचाही हात लागला होता. पास्टर एकदम उठले. "म्हणजे आमचा अग्नी तुमच्या गावाहून आला!" मी मास्तर, मला राहवेना. म्हटलं, माझं गाव वसई, केडगाव नव्हे. आणि तो चिली, ब्राझील नव्हे. सिस्टरने याचं काय भाषांतर केलं देव जाणे, कारण सगळे 'ग्लोरिया आ देउस' म्हणाले. परतताना ती म्हणाली, "सर, तुम्ही घरी रमाबाईंबद्दल कधी बोललात वर्गात?" नव्हतो बोललो. त्या आमच्या पंथाच्या नव्हत्या ना.

ऑगस्टच्या शेवटी, आणखी आत, जिथं हिरवं संपून काटेरी झुडपं आणि निवडुंग सुरू होतात, तिथल्या एका वाडीवर आम्हाला बोलावणं होतं. सिस्टर म्हणाली, "सर, तिथं साओ गोन्सालोचं कापेल आहे. नवसाचा नाच आहे." साओ गोन्सालो! आमचा संत गोन्सालो गार्सिया, वसईचा. बाप पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या किल्ल्यात जेजुइट संघाच्या धर्मगुरूंकडे शिकला, जपानला व्यापार केला, मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रुसावर भाल्यांनी मारला गेला. भारतात जन्मलेला पहिला संत. रात्रभर मला झोप नाही. हातात एक शेवटचं पुडकं शिल्लक होतं, ते मी त्याच्या वेदीसाठी राखून ठेवलं होतं.

वाडीवर पन्नासेक माणसं. पांढऱ्या कपड्यांतल्या बाया दोन रांगांत, पुढे दोन विओलावाले (विओला म्हणजे गिटारसारखं वाद्य). नाच सुरू व्हायच्या आधी पाहुण्याला बोला म्हणाले. आणि मी बोललो. पोर्तुगीजमध्ये, सिस्टरची मदत न घेता, तीन महिन्यांत जमवलेली सगळी क्रियापदं पणाला लावून. वसईचा किल्ला, समुद्र, जपान, भाले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. लोकही गंभीर झाले, टाळ्या वाजवल्या. मग मी पुडकं घेऊन वेदीपाशी गेलो आणि मूर्तीकडे नीट पाहिलं. संताच्या हातात विओला होती.

एक आजी शेजारी येऊन उभी राहिली. आवाज खाली करून म्हणाली, "प्रोफेसोर, हा दुसरा." हा आमारांतेचा गोन्सालो, पोर्तुगालचा, तेराव्या शतकातला. वाट चुकलेल्या बायांनी रात्री धंद्यावर जाऊ नये म्हणून तो विओला वाजवून त्यांना पहाटेपर्यंत नाचवायचा, अशी कथा. म्हणून त्याचा नवस नाचून फेडतात. लग्न जमवून देण्यातही त्याचं मोठं नाव. "तुमचा तो कोण, भाल्यांचा, तो चांगला होता बिचारा," आजी म्हणाली. "बसा आता. केळी इथंच ठेवा, ह्याला चालतात."

रात्रभर नाच चालला. मी भिंतीला टेकून बसलो होतो. सिस्टर नाचत होती.

परतीच्या आधी एक आठवडा मोकळा होता. सिस्टरला माझी दया आली असावी. म्हणाली, तुमचा गोन्सालोही आहे इथं, चला. खुद्द रेसिफेतच त्याची मोठी कथा निघाली. १७४५ साली तिथल्या 'पार्दो' लोकांनी, म्हणजे मिश्र रक्ताच्या सावळ्या माणसांनी, त्याची मूर्ती बसवून मोठा उत्सव केला होता. त्या काळी चर्चमधली मंडळं रंगानुसार वेगळी: गोऱ्यांचं वेगळं, पार्दोंचं वेगळं, काळ्यांचं वेगळं, देवळंही वेगळी. पार्दोंना स्वतःच्या रंगाचा संत हवा होता आणि तो त्यांना आमच्या वसईत सापडला. गोरे म्हणाले, हा पार्दो कसा? त्यावर फ्रे जाबोआताव या फ्रान्सिस्कनाने अख्खं प्रवचन दिलं, संताची आई कोण, कुठली, कोणत्या रंगाची, वंशावळीसकट. ते पुढे १७५१ मध्ये लिस्बनला छापलं गेलं. म्हणजे वसई मराठ्यांनी घेतल्याला सहा वर्षं झालेली, आमचे पूर्वज पुढे काय होणार या घोरात, आणि तिकडे समुद्रापार आमच्या गावच्या एका आईच्या कातडीवर वाद रंगलेला. आम्हाला लहानपणी त्याची गोष्ट सांगितली तेव्हा बापाचं पोर्तुगीज असणं जोरात आणि आईचं इथली असणं हळू आवाजात सांगितलं जायचं. आमच्यातही अजून लग्न जुळवताना कोण कुपारी, कोण वाडवळ, कोण कोळी हे देवळाच्या पायरीवरच विचारतात.

रेसिफेहून दक्षिणेला, साओ फ्रान्सिस्को नदीच्या काठी पेनेदो नावाचं जुनं गाव आहे. तिथं त्याच्या नावाचं, पार्दो लोकांनी अठराव्या शतकात बांधलेलं देऊळ उभं आहे. असंच एक मिनास जेराइसमध्ये साओ जोआव देल-रेईला आहे, आणि एक रिओला, जिथं त्याच्या जोडीला संत जॉर्ज आहे आणि २३ एप्रिलला सगळी गर्दी जॉर्जसाठीच लोटते. पेनेदोला आम्ही दुपारी पोचलो, दार बंद. शेजारच्या दुकानदाराने देखभाल करणाऱ्याला बोलावून आणलं. सत्तरीचा माणूस, पायात स्लिपर, हातात किल्ल्यांचा जुडगा. 'शावी', तो म्हणाला. मी म्हटलं, चावी.

आत थंडावा होता. या वेळी मी आधी मूर्तीचे हात पाहिले. विओला नव्हती.

त्याला सांगितलं, मी याच्या गावचा. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "हा तर जपानचा ना?" मी पुन्हा सगळं सांगायला लागलो, या वेळी हळू, वर्तमानकाळात, सिस्टरकडे बघत बघत. जेजुइटांनी त्याला संघात घेतलं नाही, हे सांगितल्यावर त्याने मान हलवली, जणू ते त्याला आधीच ठाऊक होतं. त्याला जपानी चांगली येत होती, म्हणून फ्रान्सिस्कनांसाठी तो दुभाष्याचं काम करायचा; फादर तो कधी झालाच नाही, शेवटपर्यंत ब्रदरच राहिला, हेही सांगितलं. "मग तो या सिस्टरसारखा," म्हातारा म्हणाला.

मी मोबाइल काढला आणि त्याला वसईच्या किल्ल्यातलं ते देऊळ दाखवलं, सणाच्या दिवशीचं: मंडप, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आमच्या लाल लुगड्यातल्या बाया. तो फोटो बोटांनी मोठा करून माणसांचे चेहरे एकेक करून बघत राहिला. मग विचारलं, "एवढ्या लोकांना जेवायला काय असतं?"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. खरं तर मिस्सा झाली की आम्ही आपापल्या घरी जातो. मी तसं सांगितलं. त्याने फोन परत दिला, आणि म्हणाला, पुढच्या वेळी सणाला इथं या.